सत्य असल्यास

सरकारी नोकऱ्यांच्या, बँकांच्या आणि उच्च शिक्षणसंस्थांच्या परीक्षांत तर्कशक्तीची कसोटी पाहण्यासाठी जे प्रश्न घातले जातात, त्यांपैकी एक प्रकार आम्हांस विशेष विचारप्रवर्तक वाटतो. चार-पाच ओळींचा उतारा दिलेला असतो. अमुक घडले, त्यानंतर तमुक घडले, अर्थात अमुक हेच तमुकाचे कारण होय, असे कोणी एक गृहस्थ त्यात प्रतिपादन करीत असतो. खाली चार पर्याय असतात आणि विचारलेले असते, 'पुढीलपैकी कोणते विधान, सत्य असल्यास, वरील युक्तिवाद सर्वांत अधिक दुर्बल करते?' राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेचे स्वरूप २०२० साली बदलले आणि ती उताऱ्यांवर आधारलेली झाली, तेव्हापासून तर या प्रश्नास अधिकच भाव आला आहे. केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या आम्हां मंडळींनाही हा प्रकार अपरिचित नाही. बढतीच्या परीक्षेची तयारी करणारा सहकारी मधल्या सुट्टीत डब्याशेजारी मार्गदर्शक पुस्तक उघडून बसलेला असतो, आणि पोळीच्या घासागणिक कोणाचा ना कोणाचा युक्तिवाद दुर्बल होत असतो.

हा केवळ दोन गुण मिळविण्याचा कसरती प्रकार आहे, असे बहुतेकांस वाटते. आमचे मत तसे नाही. दुसऱ्याने सांगितलेल्या कारणाविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणाला, केव्हा आणि कितपत असतो, हा नीतिशास्त्रातला एक अवघड प्रश्न आहे. आणि परीक्षेच्या त्या चार पर्यायांच्या आड तोच प्रश्न दडून बसलेला आहे. त्याचा थोडा विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कचेरीत हजेरीचे यंत्र बसविले. पुढील तीन महिन्यांत तेथील एका शाखेचे प्रलंबित टपाल निम्म्यावर आले. यावरून वरिष्ठांनी निष्कर्ष काढला की, यंत्रामुळे काम वाढले. पर्याय असे: (अ) यंत्राची किंमत फार होती. (आ) त्याच सुमारास शाखेला दोन नवे सहायक मिळाले. (इ) यंत्र न बसविलेल्या शेजारच्या शाखेचे टपालही त्याच काळात निम्म्यावर आले. (ई) कर्मचाऱ्यांना ते यंत्र मुळीच आवडले नाही.

नवशिका उमेदवार (अ) किंवा (ई) यांकडे ओढला जातो, आणि हे ओढले जाणे मोठे बोधप्रद आहे. किंमत अधिक असणे हा यंत्र घेण्याविरुद्धचा आक्षेप आहे. यंत्राने काम वाढले या विधानाविरुद्धचा नव्हे. महाग वस्तूही गुणकारी असू शकते, आणि नावडते औषधही लागू पडते. 'हे मला पटत नाही' आणि 'हे सिद्ध होत नाही' यांतला भेद ज्यास कळला, त्याने या विषयाची पहिली पायरी ओलांडली, असे म्हणण्यास हरकत नाही. आपल्या सार्वजनिक वादांत किती माणसे ही पायरी ओलांडतात, याचा विचार वाचकांनीच करावा.

उरले (आ) आणि (इ). पहिला दुसरेच एक कारण पुढे करतो. परंतु दोन सहायक आल्याने यंत्राचा परिणाम शून्य होता असे ठरत नाही. दोहोंनी मिळून काम केले असणेही शक्य आहे. (इ) मात्र अधिक खोल जातो. कारण नसतानाही कार्य तेवढेच घडले, असे तो सांगतो. मग यंत्राच्या श्रेयास जागा फारशी उरत नाही. तरीही लक्षात ठेवावयाचे ते हे की, यांपैकी कोणताही पर्याय वरिष्ठांचे म्हणणे खोटे पाडीत नाही. युक्तिवाद दुर्बल करणे म्हणजे निष्कर्ष असत्य ठरविणे नव्हे. निष्कर्षाला दिलेला आधार त्याचे वजन पेलू शकत नाही, एवढेच त्यातून दिसते.

ही विद्या पाश्चात्त्यांकडून नव्याने आलेली आहे असा समज करून घेण्याचे कारण नाही. आपल्या नैयायिकांनी कारणाचे लक्षण करताना याच अडचणींचा किती बारकाईने विचार केला होता, हे पाहण्यासारखे आहे. कार्याच्या पूर्वी जे नियमाने असते ते कारण, एवढे म्हणून भागत नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून ते 'अन्यथासिद्ध' नसावे अशी अट त्यांनी घातली. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचाननांच्या 'भाषापरिच्छेदा'त अन्यथासिद्धाचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. घडा घडतो त्यापूर्वी कुंभार असतो, चाक असते, दंड असतो. पण दंडाचा रंगही असतो, कुंभाराचा बापही कधी काळी होऊन गेलेला असतो, आणि माती वाहून आणणारे गाढवही अंगणात उभे असते. रंग दंडाबरोबर आपोआप येतो, त्याचे स्वतंत्र कर्तृत्व काही नाही. बाप हा कुंभाराचे कारण होऊन चुकला, घड्याशी त्याचा संबंध उरला नाही. गाढव या एका घड्याच्या वेळी हजर होते हे खरे. पण माती डोक्यावरून आणली असती तरी घडा झालाच असता.

विनोदी वाटणारे हे गाढव आम्हांस तर्कशास्त्रातील एक थोर पात्र वाटते. जगात जेवढे म्हणून चुकीचे दोषारोप होतात, त्यांतले निम्मेअधिक त्या गाढवाच्या पाठीवर होतात. ते हजर असते, डोळ्यांना दिसते, आणि त्यास बोलता येत नाही!

नैयायिकांनी 'व्यभिचार' म्हणून जो दोष सांगितला, तोच आमच्या उदाहरणातला (इ) पर्याय होय. कारण आहे पण कार्य नाही, हा एक व्यभिचार. कार्य आहे पण कारण नाही, हा दुसरा. आणि 'उपाधी'ची कल्पना तर त्याहूनही मार्मिक आहे. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे कोणी म्हटले तर नैयायिक तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे ठेवतो. तेथे अग्नी आहे, धूर नाही. धुराला अग्नीबरोबर ओले सरपणही लागते, आणि ते सरपण वाद करणाऱ्याने हिशेबात धरलेले नसते. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात अन्वयाच्या आणि व्यतिरेकाच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांची आमच्या न्यायशास्त्राशी तुलना करणे हा एक स्वतंत्र आणि रम्य विषय आहे. त्याआधी सुमारे शंभर वर्षे ह्यूमने तर असे बजावले होते की, डोळ्यांना दिसतो तो केवळ पौर्वापर्याचा क्रम. कार्यकारणाचा बंध हा दिसत नसतो, मन तो जोडीत असते. आमच्याकडे कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, की त्यास काकतालीय म्हणून हसण्याची रीत आहे. हसावे जरूर, पण फांदी ज्याच्या डोक्यावर पडते त्यास कावळ्याचाच संशय येतो, हेही मनुष्यस्वभावास धरून आहे.

आता परीक्षेच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. त्यात दोन लहान शब्द आहेत आणि उमेदवार त्यांवरून नजर फिरवून पुढे जातो. 'सत्य असल्यास.' परीक्षक पर्यायांच्या सत्यतेची हमी आपल्या शिरावर घेतो. उमेदवाराने केवळ परिणाम पाहावयाचा असतो. शेजारच्या शाखेचे टपाल खरोखरच कमी झाले का, हे पाहण्यासाठी त्यास रजिस्टर उघडावे लागत नाही. शिवाय योग्य शंका चार पर्यायांपैकी एकात आयतीच मांडून ठेवलेली असते, आणि उत्तर चुकले तर एका गुणाचे नुकसान होते, कोणा माणसाचे नव्हे. आयुष्यात या तिन्ही सवलती मिळत नाहीत. शंका आपणच शोधावी लागते, तिची सत्यता आपणच पडताळावी लागते, आणि तोपर्यंत कोणाची तरी अब्रू किंवा कोणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो.

याचे एक उदाहरण आपल्या मुंबईशी निगडित आहे. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. परंतु ज्याच्या नावाने ती संस्था ओळखली जाते, त्या वाल्डेमार हाफकिनवर काय प्रसंग गुदरला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ओडेसा येथे १८६० साली जन्मलेला हा शास्त्रज्ञ १८९३ साली पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आला. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे लाखो लोकांना ती टोचण्यात आली. मागणी वाढली तशी लस अधिक वेगाने तयार व्हावी म्हणून त्याने एक फेरफार केला. शुद्धीसाठी कार्बोलिक आम्ल घालण्याऐवजी त्याने उष्णतेवर भिस्त ठेवली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस दिलेले होते. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काही झाले नाही. चौकशी समिती बसली. कृती बदलली होती, नंतर मृत्यू झाले होते, आणि सर्व मृत्यू एका बाटलीशी जाऊन भिडत होते. तेव्हा बाटली परळच्या प्रयोगशाळेतूनच दूषित होऊन आली असली पाहिजे, असा समितीच्या निष्कर्षाचा रोख होता. हाफकिनला संचालकपद गमवावे लागले आणि तो हा देश सोडून गेला.

आपण परीक्षेस बसलो आहोत असे क्षणभर समजू आणि हा युक्तिवाद तपासू. एकोणीसही रोगी एका बाटलीचे होते, या गोष्टीवरून दोष त्या बाटलीत होता एवढे निश्चित होते. पण तो बाटलीत कोठे शिरला, परळला की मुल्कोवालला, हे त्यावरून मुळीच ठरत नाही. 'बाटली' आणि 'परळ' या दोन शब्दांमधील अंतर समितीने एका उडीत ओलांडले होते. आता पुढील विधाने पाहा. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरास कसलीही दुर्गंधी आली नव्हती. धनुर्वाताचे जंतू कित्येक आठवडे तीत वाढत असते तर ती आल्यावाचून राहिली नसती. बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट उकळून शुद्ध न करताच पुन्हा वापरला गेला होता; आणि धनुर्वाताच्या जंतूंचे घर म्हणजे मातीच होय. शिवाय रोगाची लक्षणे टोचल्यानंतर काही दिवसांनी दिसू लागली होती; बाटलीत विष आधीपासून साचलेले असते तर ती त्याहून लौकर दिसावयास हवी होती.

ही तिन्ही विधाने 'सत्य असल्यास' या कोटीतली नव्हती. ती कागदोपत्री नोंदलेली होती. कोणीतरी ती बाहेर काढून निष्कर्षासमोर ठेवावयाची तेवढी बाकी होती. ते व्हावयास जवळजवळ पाच वर्षे लागली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृति दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिनवरील आरोप सिद्ध होत नाही, किंबहुना तो टिकूच शकत नाही, असे दाखवून दिले. त्यानंतर हाफकिन हिंदुस्थानात परत आला, परंतु मुंबईस नव्हे. त्यास कलकत्त्यास काम देण्यात आले. परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव मिळाले ते १९२५ साली, आणि १९३० साली तो परदेशातच वारला.

हाफकिनला वाचविणाऱ्यांनी नेमके काय केले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. चिमट्यामुळेच मृत्यू झाले असे त्यांना निर्विवाद सिद्ध करावे लागले नाही. दुसरा मार्ग शक्य होता, नव्हे अधिक संभवनीय होता, एवढे दाखविणे पुरे झाले. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते. निरपराधित्व सिद्ध करण्याची आरोपीवर नसते. युक्तिवाद दुर्बल करण्याची ही विद्या येथे न्यायाची दासी होऊन येते.

मोठ्या माणसांच्या कथा बाजूस ठेवल्या तरी ही विद्या घराघरांत लागते. सून घरात आली आणि वर्षाच्या आत सासरा वारला, की तिला पांढऱ्या पायाची म्हणणारी जीभ आपल्याच समाजात होती, आणि ती सर्वस्वी गेली आहे असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. येथे युक्तिवाद तोच आहे: ती आली, मग हे झाले. सासरा सत्तरीचा होता, त्यास दोन वर्षांपासून दम लागत होता, आणि त्याच वर्षी गावातील आणखी दहा वृद्ध वारले, त्यांतील कोणाच्याही घरी सून आली नव्हती. ही तिन्ही विधाने समोर असतात, पण ती उच्चारणारा कोणी नसतो. कुंभाराच्या अंगणातील ते मुके गाढव आणि उंबरठ्यात उभी असलेली ती मुकी पोर यांची जागा एकच. बिहारमध्ये १९९९ साली आणि झारखंडमध्ये २००१ साली डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ करण्याविरुद्ध कायदे करावे लागले. गावात ताप आला, गुरे मेली, आणि एकाकी विधवेकडे बोट गेले, ही त्यांची पार्श्वभूमी. जेथे शंका घेणारा एकही माणूस उभा राहत नाही, तेथे चुकीचे कारण माणसाचा बळी घेते.

इथवर वाचून कोणी म्हणेल की, मग तुमचे म्हणणे सरळच आहे. प्रत्येक कारणाविषयी शंका घ्यावी, आणि जो जास्त शंका घेईल तो जास्त सज्जन. परंतु नाण्याची दुसरी बाजू तितकीच काळी आहे.

रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघा इंग्रज संशोधकांनी १९५० साली लंडनच्या इस्पितळांतील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ७०९ रोग्यांची तितक्याच इतर रोग्यांशी तुलना करून धूम्रपानाकडे बोट दाखविले. पुढे १९५१ पासून त्यांनी ब्रिटनमधील सुमारे चाळीस हजार डॉक्टरांच्या सवयींची नोंद घेऊन त्यांच्या मृत्यूंची पाहणी चालविली, आणि तोच निष्कर्ष दृढ होत गेला. तेव्हा त्यावर आक्षेप घेण्यास पुढे आले ते संख्याशास्त्राचे आचार्य रोनाल्ड फिशर. आपल्या कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेशीही त्यांचा दीर्घ स्नेह होता. त्यांचा आक्षेप परीक्षेच्या पुस्तकात घालण्याइतका नमुनेदार आहे. विशिष्ट आनुवंशिक घडणीची माणसे धूम्रपानाकडे वळत असतील, आणि त्याच घडणीमुळे त्यांना कर्करोगही होत असेल. मग सिगारेट आणि रोग ही दोन्ही तिसऱ्याच कारणाची अपत्ये ठरतील. सिगारेट म्हणजे दंडाचा केवळ रंग!

फिशर स्वतः पाइप ओढीत, आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. म्हणून त्यांची शंका टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. शंका कोणी घेतली यावरून तिचे मोल ठरविणे म्हणजे पुन्हा (अ) आणि (ई) पर्यायांच्या नादी लागणे होय. तिचे उत्तर तिच्याच भूमीवर द्यावयास हवे होते, आणि ते दिले गेले. १९५९ साली जेरोम कॉर्नफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, धूम्रपान करणाऱ्यांना रोगाचा धोका नऊपट असेल आणि तो सर्वस्वी एखाद्या गुप्त घडणीमुळे असेल, तर ती घडण धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इतरांच्या मानाने निदान नऊपट अधिक प्रमाणात आढळली पाहिजे. अशी घडण कोणी दाखवू शकले नाही. 'सत्य असल्यास' या शब्दांना 'मग सत्य आहे का ते दाखवा' असा हा प्रतिप्रश्न होता.

फिशरची शंका चुकीची ठरली, तरी तिला एक रूप होते. तिला उत्तर देता येत होते. पण तिच्या आडोशाने जे चालले होते त्यास शंका म्हणणेही कठीण आहे. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी शेकडो वृत्तपत्रांतून निवेदन छापून, रोगाचे कारण सिद्ध झालेले नाही असे जनतेस सांगितले. १९६९ सालच्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर, शंका हाच आपला विक्रीचा माल आहे, अशा आशयाचे वाक्य पुढे आढळून आले. २००६ साली वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने या कंपन्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केल्याचा निर्णय दिला. दरम्यानच्या काळात किती घरांतली कर्ती माणसे गेली असतील, याची कल्पना वाचकांनी करावी.

मुल्कोवालच्या प्रकरणात शंका आली ती निरपराध्याची ढाल होऊन. सिगारेटच्या प्रकरणात ती अपराध्याची ढाल झाली. दोन्हीकडे तर्काचे हत्यार एकच होते. मग प्रामाणिक शंका आणि पोटभरू शंका यांतला फरक ओळखावयाचा कसा? तर्कशास्त्र याचे उत्तर देत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही 'दुसऱ्या कारणाचा संभव' याच सदरात मोडतात. उत्तर नीतीच्या प्रांतात शोधावे लागते. आम्हांस तीन खुणा दिसतात.

पहिली खूण अशी की, प्रामाणिक शंकेखोर आपली शंका कशाने फिटेल ते आगाऊ सांगतो. अमुक आढळले तर मी माघार घेईन, असे म्हणण्याची ज्याची तयारी नाही, त्याला उत्तर नकोच असते. त्याला मुदतवाढ हवी असते. दुसरी खूण समदृष्टीची. जो विरोधकाच्या कारणाला लोखंडी घणाने ठोकून पाहतो आणि स्वतःच्या कारणाला मोरपिसाने स्पर्श करतो, त्याच्या चिकित्सेचे कौतुक करण्यात अर्थ नाही. आपल्याला सोयीच्या निष्कर्षाविरुद्धचा (इ) पर्याय स्वतःच शोधून काढणे, ही या विद्येची खरी परीक्षा होय. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. शंका फिटेपर्यंत थांबण्याची किंमत कोण भरीत आहे, याचे भान प्रामाणिक माणसास असते. ती किंमत जर शंकेखोराऐवजी तिसराच कोणी भरीत असेल, तर शंका घेणाऱ्यावरचा बोजा वाढतो.

या तिसऱ्या खुणेचा धागा हिल यांच्या १९६५ सालच्या एका सुप्रसिद्ध व्याख्यानात सापडतो. कार्यकारणसंबंध ओळखताना ज्या नऊ गोष्टी पाहाव्यात, त्या त्यांनी तेथे सांगितल्या, त्यामुळे ते व्याख्यान गाजले. पण त्याचा शेवट आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. सर्वच शास्त्रीय ज्ञान अपुरे असते, म्हणून हाती असलेल्या ज्ञानाप्रमाणे कृती पुढे ढकलण्याची मुभा मिळत नाही, असे त्यांचे सांगणे होते. आणि पुरावा किती भक्कम हवा, हे करावयाच्या कृतीवर अवलंबून असावे, हेही त्यांनी सुचविले. गर्भवतीस दिले जाणारे एखादे औषध थांबवावयास थोडा पुरावा पुरे. परंतु लोकांनी आवडीच्या गोष्टी सोडाव्यात असे म्हणावयाचे तर पुरावा फार भक्कम हवा. या तत्त्वाचा थोडा विस्तार केला तर दोन्ही कथांचा उलगडा होतो. ज्या निष्कर्षाने एखाद्या माणसास शिक्षा व्हावयाची, त्याच्या आधारातील लहानशी चीरही मोठी मानावी. ज्या निष्कर्षाने अनेकांस सावध करावयाचे, त्याला मात्र एखादी चीर दिसली म्हणून रोखून धरू नये. दोष देताना कंजूषपणा आणि इशारा देताना उदारपणा, असा हा नियम सांगता येईल.

कोणी विचारील की, कारकुनाला या तत्त्वज्ञानाचे काय प्रयोजन? आमचे उत्तर असे की, कारकुनाइतके ते दुसऱ्या कोणास क्वचितच लागत असेल. सरकारी व्यवहारात 'कारणे दाखवा' नावाची एक नोटीस असते. हे शब्द किती गंभीर आहेत, याचा विचार आम्ही टंकलेखन करताना सहसा करीत नाही. एखादी फाइल हरवते, एखादे देयक दुबार जाते, आणि 'जबाबदारी निश्चित करावी' असा शेरा येतो. फाइल शेवटी ज्याच्या मेजावर होती तो बहुधा कनिष्ठतम असतो, आणि टिपणी लिहिणाऱ्याच्या लेखणीला तेच नाव सर्वांत जवळ पडते. शेवटी हजर असणे हेच कारण असणे, असा अर्थ त्या टिपणीतून न लिहिता निघतो. तेथे एक ओळ अधिक लिहिणे, की सदर फाइल त्या दिवशी आणखी दोन शाखांत फिरली होती, हे तर्कशास्त्राच्या दृष्टीने एका गुणाचे काम आहे; पण कोणाच्या तरी सेवापुस्तकात लाल शाईची नोंद होणे न होणे त्या ओळीवर अवलंबून असते. उलटपक्षी, जिन्याचा कठडा डळमळतो असे तिघांनी कळविल्यावर 'पडझडीचे नेमके कारण तपासून मग विचार करावा' असा शेरा मारून फाइल परत पाठविणे, ही चिकित्सा नव्हे. दोन्ही टिपण्यांवरची सही आमच्याच वर्गाची असते.

प्रांताबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या बैठकींतही या विद्येचा उपयोग होईल. मुले मराठी विसरतात याचे कारण शाळेचे परके माध्यम, असे गणेशोत्सवाच्या मांडवात दरवर्षी ठामपणे सांगितले जाते. पण त्याच शाळेत शिकणाऱ्या दोन मुलांपैकी एक आजीला मराठीत पत्र लिहिते आणि दुसऱ्याला अक्षर लागत नाही, असे आढळले, तर शाळेचे कारणत्व कितपत उरते? हा प्रश्न सुखाचा नाही, कारण त्याचे बोट शाळेवरून सरकत सरकत आपल्याच घराकडे येऊ लागते. अर्थात घर हेच कारण, असेही त्याने सिद्ध होत नाही. ज्या घरात आजी आहे त्या घराला सुदैवाचा वाटाही मिळालेला असतो. परंतु ज्या शंकेमुळे आपली सोय बिघडते, तीच बहुधा आधी घेण्यासारखी असते.

परीक्षेतील उमेदवार पर्यायावर खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो, आणि वेळेच्या बंधनामुळे त्याने तसेच करावे. परंतु नोकरी लागल्यावर, संसार थाटल्यावर, जेव्हा त्याच्यासमोर कोणी म्हणेल की 'अमक्यामुळे हे झाले', तेव्हा त्या छापील ओळीतील दोन शब्द त्याला आठवावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे. पर्यायाची सत्यता तेथे परीक्षक पुरविणार नाही. ती पडताळण्यासाठी उठून रजिस्टर उघडावे लागेल, शेजारच्या शाखेत जाऊन विचारावे लागेल, आणि जे सापडेल ते आपल्या गैरसोयीचे असले तरी टिपणीत लिहावे लागेल.